सोवळ्यातली बेडरूम

लग्नात मी दागिने बेताचेच आणले, मांजरी मात्र दोन आणल्या. थोरली तेव्हा नऊ वर्षांची होती, करडी आणि शिष्ट. धाकटी पांढरी, दिसेल त्या पिशवीत शिरणारी. नवऱ्याला लहानपणापासून दमा आहे हे मला माहीत होतं. मांजरांची ॲलर्जी आहे हे त्याने लपवलं. पहिल्यांदा नागपूरला आमच्या घरी आला तेव्हा अर्धा तास शिंकत होता आणि डोळे पुसत म्हणत होता, "रस्त्यावर धूळ फार आहे." मी तेही खरं मानलं.

रायपूरला शंकर नगरच्या फ्लॅटमध्ये राहायला आलो आणि पंधरा दिवसांत बिंग फुटलं. डॉक्टरांनी सरळ सांगितलं, मांजरी दुसरीकडे ठेवा. मी रडत घरी आले. तो टेबलाशी बसला आणि सरकारी कचेरीतला माणूस करतो तेच त्याने केलं, कागदावर नियम लिहून काढले. मांजरी बेडरूममध्ये कधीच येणार नाहीत. त्यांना हात लावला की हात धुवायचे, कपडे बदलायचे, मगच आत. बेडरूममधले कपडे वेगळ्या खुंटीवर. चादरी दर रविवारी उकळत्या पाण्यात. आणि दम्याचा पांढरा पंप रोज सकाळ-संध्याकाळ, निळा फक्त धाप लागली तर. डॉक्टरांना ते फारसं पटलं नाही, पण "करून पाहा" म्हणाले.

कागद वाचून मला हसूच फुटलं. हे तर सोवळं! माहेरी देवघराच्या सोवळ्यावरून मी घर डोक्यावर घेतलं होतं. आणि आता मीच दारात उभी राहून स्वतःला 'शिवू नको' म्हणत होते. पण इथे कोणाला कमी लेखायचं नव्हतं, एका माणसाचा श्वास सांभाळायचा होता. म्हणून मी ते मनापासून पाळलं.

बेडरूम आणि बाल्कनीच्या मधे काचेचं दार आहे. बाल्कनीला जाळी लावून ती मांजरींना दिली, त्या हॉलमधून तिथे जायच्या. काचेचं दार बंदच असायचं. रोज सकाळी तो चहा घेऊन आतल्या बाजूला जमिनीवर बसे आणि थोरली बाहेरच्या बाजूला. तो काचेवर बोट ठेवी, ती तिथे नाक लावी. चार वर्षांत त्याने तिला एकदाही हात लावला नाही. तरी ती माझ्यापेक्षा त्याचीच जास्त होती, हे सांगताना मला आजही थोडं लागतं. ज्याला आपण जवळ घेऊ शकत नाही त्याच्यावर इतकं निवांत प्रेम करणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही.

गेल्या डिसेंबरात घोटाळा झाला, आणि तो मीच केला. सासूबाईंनी अमरावतीहून पाठवलेली गोधडी, त्यांच्या जुन्या लुगड्यांची, मी थंडीसाठी बाल्कनीत उन्हात टाकली. संध्याकाळी आणायला गेले तर थोरली तिच्यावर पसरून झोपलेली. नियमाप्रमाणे गोधडी धुवायला हवी होती. पण एवढी जड गोधडी कोण धुणार? दिवसभर ऊन खाल्लेली वस्तू शुद्धच, असं लहानपणापासून डोक्यात बसलेलं. मी चार वेळा झटकली आणि त्याच्या अंगावर घातली.

सकाळी मी चहा ठेवत होते तेव्हा तो भिंत धरून आला. बोलता येत नव्हतं. छाती भात्यासारखी चालली होती, ओठ निळसर पडले होते. दवाखान्यात वाफेचा मास्क लावून तो तीन तास बसला. मी शेजारी बसले, त्याचा हात धरला, आणि गोधडीबद्दल एक अक्षर बोलले नाही. भ्याडपणा, दुसरं काय.

दुसऱ्या दिवशी सासूबाई हजर. आल्या आल्या म्हणाल्या, "रविवारपर्यंत त्या मांजरी घरातून गेल्या पाहिजेत. मले माहा पोट्टा पाहिजे." मी हो म्हटलं. मी शिकवते त्या शाळेतल्या एक दीदी पुरानी बस्तीत राहतात, त्या ठेवून घ्यायला तयार झाल्या. गोल बाजारातून झाकणाची टोपली आणली.  नवरा सकाळी चहा घेऊन काचेपाशी नेहमीपेक्षा जास्त वेळ बसू लागला. सासूबाई दारातून ते बघत उभ्या राहत.

रविवारी धाकटी आपण होऊन टोपलीत शिरली. थोरलीला मी उचललं. ती काचेकडे मान वळवून बघत राहिली आणि माझा धीर सुटला.

"आई, चूक माझी आहे," मी म्हटलं. "ही तुमच्या गोधडीवर झोपली होती. मी पाहिलं होतं. तरी न धुता त्याला पांघरायला दिली."

सासूबाई काही म्हणायच्या आत नवरा बेडरूमच्या दारातून म्हणाला, "आई, पांढरा पंप मीच सोडला होता. दीड महिना झाला. बरं वाटून राहिलं होतं, म्हणून."

हे मला माहीत नव्हतं. मी त्याच्यावर खेकसणार तेवढ्यात सासूबाईच कडाडल्या, "दोघंही लबाड! अन् शिक्षा काहून या मुक्या जनावराले?"

मग त्यांनी फर्मान काढलं. पंप रोज त्यांच्यासमोर घ्यायचा, त्या अमरावतीला गेल्यावर फोनवर दाखवून. सोवळं त्या स्वतः शिकवणार, कारण मला ते धड येत नाही. डॉक्टरांनीही दोन महिने दिले. औषध आणि नियम एक दिवसही चुकता कामा नये, छाती पुन्हा भरली तर मांजरी जाणार.

दुपारी सासूबाई कात्री घेऊन हॉलमध्ये बसल्या. गोधडीच्या मधोमध एक हिरवा तुकडा होता, लेकाच्या बारशाला नेसलेल्या लुगड्याचा. टाके उसवून तेवढा त्यांनी काढून घेतला, उकळत्या पाण्यात टाकला. नव्या गोधडीत घालायला, म्हणाल्या. उरलेली गोधडी उचलून त्या बाल्कनीत गेल्या आणि थोरलीपुढे टाकली.

"घे, ही आता तुही. पर माह्या पोट्ट्याच्या खोलीत पाय ठेवायचा नाही."

थोरलीने गोधडी हुंगली, दोनदा गोल फिरली आणि त्या भोकातच अंग मुडपून बसली. काचेपलीकडे नवरा जमिनीवर बसला होता. त्याचे खांदे जोरजोरात हलताना दिसले आणि मी निळा पंप घेऊन धावले. बेडरूमचं दार उघडलं तर तो हसत होता.