भुरीची वंशावळ

आपल्या कुळाच्या सात पिढ्या तोंडपाठ असलेली माणसं मी पाहिली आहेत. पण एका रोगाच्या सातशे पिढ्या तोंडपाठ असलेली व्यक्ती आयुष्यात एकच भेटली, आणि तिच्या घरात मी सहा वर्षं राहिलो. ती माझ्या थोरल्या वहिनींची आत्या. मूळची वाईची. वडील तिथल्या घाटावर यजमानांच्या वंशावळी लिहून ठेवणारे भिक्षुक. लेक शिकली, सांगलीच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायला आली, लग्नाच्या वाटेला गेली नाही आणि वडिलांसारख्याच लांबट वहीत वंशावळ लिहू लागली. यजमान तेवढे वेगळे. भुरी म्हणजे द्राक्षाच्या पानांवर आणि घडांवर पिठासारखी पसरणारी पांढरी बुरशी. तासगावकडं तेव्हा द्राक्षबागा वाढू लागल्या होत्या, आणि ढगाळ थंडीत भुरी आली की मणी तडकून घडच्या घड वाया जात. लोक तिला शिव्या देत. आत्याबाई तिला अहोजाहो करत नसत, इतकंच काय ते बाकी होतं.

बहात्तरच्या दुष्काळानंतर टपाल खात्यात चिकटून मी सांगलीला आलो, तेव्हा वहिनींनी माझी सोय आत्याबाईंच्या बाहेरच्या खोलीत लावून दिली. आतल्या खोलीत जायला मनाई होती. महिन्याभरानं त्यांनीच मला आत नेलं, तेही आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून आणि तोंडाला पंचा बांधून. सकाळचे दहा वाजले होते, बाहेर रस्त्यावर बोहारीण ओरडत होती, आणि आत मात्र पाण्याखाली गेल्यासारखी शांतता. फळ्यांवर कंदिलाच्या काचा ओळीनं उभ्या, प्रत्येकीच्या तोंडाशी कापसाचा बोळा, आणि प्रत्येक काचेत द्राक्षाचं एक लहानसं रोप, पांढुरकं पडलेलं. काचांवर चिठ्ठ्या होत्या: गोदी, ठकी, चिमी, थोरली यमी, धाकटी यमी. भुरीला मेलेलं पान चालत नाही, जिवंतच लागतं. म्हणून दर दहा दिवसांनी आत्याबाई बारीक कुंचल्यानं तिला जुन्या पानावरून नव्या पानावर नेऊन ठेवत. मी विचारलं, "यातली सगळ्यात म्हातारी कोण?" त्या हसल्या. म्हणाल्या, "म्हातारी होत नाही रे ती. हिला आई नाही, बाप नाही. हिच्यातूनच ही निघते. ही गोदी म्हणजे पहिलीच गोदी. तू जन्मलास त्याच्या आधीपासून कुठल्या ना कुठल्या पानावर ती आहेच. पानं मरतात."

या खोलीपायी घरात एक उफराटं सोवळं चालायचं. आत जायचं लुगडं वेगळं, गर्द काळ्या रंगाचं, पांढरा कण उठून दिसावा म्हणून. बाहेर पडताना ते उतरवून उकळत्या पाण्यात टाकायचं, हातपाय धुवायचे आणि मगच उंबरा ओलांडायचा. बागेतून कोणी भेटायला आलं की त्याला अंगणातच थांबवून त्या लांबून बोलत. त्यांचा श्वासही सवयीनं इतका हळू झाला होता, की स्वयंपाकघरात त्या आहेत की नाहीत हे मला भांडं वाजल्याशिवाय कळत नसे. एकदा मी आतल्या खोलीच्या दाराशी उभा असताना मला शिंक आली. त्या वेळी त्यांनी तीन काचा उघड्या ठेवल्या होत्या. आत्याबाईंनी कुंचला खाली ठेवला आणि थंडपणे म्हणाल्या, "एका शिंकेत तीन घराणी बाटवलीस." पुढचे तीन महिने त्या माझ्याशी मिठामसाल्यापुरतंच बोलल्या.

या घराण्यांत फरक असायचा तो कोणती भुरी कोणत्या जातीच्या वेलीवर जगते याचा. दिसायला सगळ्या सारख्याच, पिठासारख्या. पण गोदी एका वेलीवर माजायची आणि दुसरीवर दोन दिवसांत मरायची. ठकीचं बरोबर उलटं. त्यांनी अंगणात जातीजातीच्या वेली लावल्या होत्या. बाहेरून आणलेली भुरी त्या प्रत्येकीच्या पानावर ठेवून बघत आणि ती कुठं जगली, कुठं मेली यावरून तिचं घराणं सांगत. "वेलीला डोळे असतात," त्या म्हणत. "भुरी दाराशी आली की वेल तिचा तोंडवळा ओळखते आणि आपलंच तेवढं पान जाळून टाकून तिला अडवते. ओळखलं नाही, तर मेली."

दर हिवाळ्यात त्या तासगावच्या बाजूला बागा बघत हिंडत. कधी कधी मीही जात असे. भर दुपारी, ढग आलेले, वारा पडलेला, अशा वेळी त्या बांधावरच थबकत, मान थोडी कलती करत आणि म्हणत, "आली." पानं हिरवीगार असत. मालक त्यांच्याकडं बघत राही. आठ-दहा दिवसांनी त्या बागेत पांढरं पीठ दिसू लागे. मला वाटे, हवेतला दमटपणा आणि पानांची दाटी बघून त्या अंदाज बांधत असतील. त्या मात्र काही सांगत नसत. हळूहळू त्या भागात बोललं जाऊ लागलं, की बाई येती तिथं भुरी येती. काही बायका त्यांना पाहून पोरं आत घेत. आत्याबाईंना त्याचं हसू यायचं.

त्यांना न भिणारा माणूस एकच, तासगावजवळचे एक निवृत्त सुभेदार. त्यांच्या विहिरीजवळ कुणीतरी थुंकलेल्या बीपासून एक वेल आपसूक उगवली होती. शेजारची सगळी बाग भुरीनं पांढरी झाली तरी ही हिरवी. आत्याबाईंनी तिची पानं घरी आणली आणि काचांतली सगळी घराणी एकेक करून तिच्यावर ठेवून पाहिली. एकही जगलं नाही. दोन वर्षं त्या ठेवत राहिल्या. सुभेदारांनी तोवर गावाला शब्द दिला होता, की हिला एकदा फळ धरू द्या, चव बघू, मग पुढच्या छाटणीला ज्याला पाहिजे त्याला लावायला काड्या. लोक वाट बघत होते. कुणी कुणी वेलीला हळदकुंकूही वाहून जायचं.

एका पावसाळ्यात आत्याबाईंनी मला आत बोलावलं. धाकट्या यमीच्या काचेत त्या वेलीच्या पानावर मुगाएवढा पांढरा ठिपका होता. "यमीनं नवं काही मिळवलं नाही," त्या पुटपुटल्या. "वेल जी खूण ओळखत होती, ती खूण तेवढी पुसून टाकली." वहीत त्यांनी यमीखाली एक नवी रेघ ओढली आणि नाव लिहिलं नाही.

त्या हिवाळ्यात एका सकाळी सुभेदार दारात हजर. पटका, मिशीला पीळ, डोळ्यांत पाणी. "बाई, घड पिकाय लागलं! चला, आत्ताच्या आत्ता. पयलं तुमीच बघायचं." आत्याबाई तशाच, आतल्या खोलीतून बाहेर आल्या त्याच पावली, सुभेदारांच्या जीपमध्ये बसल्या. मीही बसलो. वाटेत त्या चक्क गुणगुणत होत्या. वेलीखाली उभं राहून त्यांनी घडाला दोन्ही हातांनी कुरवाळलं. मी त्यांच्या काळ्या लुगड्याकडं बघत होतो, आणि ते काळं आहे हे माझ्या ध्यानात आलं नाही. त्यांच्याही नाही.

बारा दिवसांनी वेल पांढरी झाली. मुळापासून शेंड्यापर्यंत, राख फासल्यासारखी. आत्याबाईंनी पान आणलं, अंगणातल्या वेलींवर तपासलं, आणि आठवडाभरानं मला म्हणाल्या, "माझ्याच घरची आहे." त्याच दिवशी आम्ही एसटीनं गेलो. बांधावर उभं राहून त्यांनी सुभेदारांना सगळं सांगितलं. काच, ठिपका, लुगडं. काही लपवलं नाही.

सुभेदारांनी एक पांढरं पान खुडून बोटांत चुरडलं. मग म्हणाले, "लोकं म्हनायची, बाई येती तिथं भुरी येती. मी दोघांस्नी त्यापायी बडवलंय."

"हो," आत्याबाई म्हणाल्या.

"तुमी न्हाई आनली असती, तर आलीच नसती का ती?"

"कधीतरी आली असती. दहा वर्षांनी, नाहीतर उद्या. पण ही मी आणली."

"जावा तुमी आता," सुभेदार म्हणाले आणि पाठ फिरवून उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी आत्याबाईंनी बंब पेटवला, मोठ्या पातेल्यात पाणी उकळत ठेवलं आणि एकेक रोप उपटून त्यात टाकायला सुरुवात केली. गोदी गेली. ठकी गेली. प्रत्येक वेळी त्या वहीत नावापुढं फुली मारत. यमीवर हात ठेवला तेवढ्यात अंगणातून हाक आली. सुभेदार पंच्याचं गाठोडं कडेवर घेऊन उभे होते. पंच्यात ओली माती, मातीत बिया.

"आवं, थांबा. हिच्याच घडाच्या बिया हायती. लेकरं समदी आईवानी नसत्यात. येखादं निघंल का न्हाई, जे तुमच्या त्या पोरीलाबी वळखंल?"

आत्याबाई पायरीवर बसल्या. "निघेल कदाचित. पण ते कळायला ही जिवंत ठेवावी लागेल."

"मंग ठिवा की. मारताय कशाला? तिचं तोंड तुमच्याबिगर कुनाला ठावं हाय?" मग गाठोडं पायरीवर ठेवून म्हणाले, "माज्या रानात मातुर येऊ नगा. रोपं मीच आनून देतो."

त्यांनी शब्द पाळला. दोन वर्षं ते रोपं आणून देत, अंगणात ठेवून चहा न घेता जात. आत्याबाई त्यांतली जवळजवळ सगळी यमीच्या हवाली करत आणि मेलेल्यांची नोंद करत. दोन रोपं टिकली. ती निरोप न देता त्यांनी माझ्या हाती सुभेदारांकडं पाठवून दिली. तिसऱ्या वर्षी त्यांना पानावरचा ठिपका दिसेना, तेव्हा डोळ्यांत मोतीबिंदू असल्याचं कळलं. नोकरी सोडून त्या वाईला गेल्या, आणि पुढच्याच श्रावणात वारल्या. यमीचं काय केलं, ते मी त्यांना विचारायला हवं होतं.

दशक सरता सरता माझी बदली झाली. तासगावहून निघालेल्या एसटीत कुंडलला माहेरी निघालेली एक म्हातारी माझ्या शेजारी बसली. तिनं पाटीवरचं फडकं सारून एक घड माझ्या हातावर ठेवला.

"खा की. बाईची हायती. लय आंबाट, पर हिला भुरी न्हाई शिवत."

"बाईची म्हणजे? कोण बाई?"

"काय की बया," ती खिडकीबाहेर बघत म्हणाली. "असंल कुनीतरी. तसंच म्हनत्यात."

द्राक्षं खरंच फार आंबट होती. मी ती सगळी खाल्ली.