अक्काची प्रार्थना आणि वर्शिप टीम

पस्तीस वर्षं एकाच चर्चमध्ये पेटी वाजवली की किस्से साठतात. माझे निम्मे किस्से म्हणजे खरं तर तक्रारी आहेत. देवपूरला आमचं चर्च. बायको म्हणते, "नाना, लोक चर्चमधून शांत होऊन येतात, तुम्ही बीपी वाढवून येता." वाढणारच! ऐकाच तुम्ही.

*

दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे गाणी म्हणणाऱ्या तरुणांची वर्शिप टीम झाली. समीर तिचा लीडर. इंजिनिअर आहे, गळा चांगला आहे, आणि हे दोन्ही त्याला ठाऊक आहे. पहिल्याच रविवारी पाच गाणी झाल्यावर तो माइकवर म्हणाला, "वर्शिप संपली. आता आपण प्रार्थना करू या."

मी त्याला बाहेर गाठलं. "अरे, गाणी म्हणजेच उपासना, तर मग प्रार्थना काय, इंटर्व्हल?"

"नाना, तुम्ही शब्दांत फार अडकता," म्हणाला आणि गिटार उचलून चालू लागला.

*

मग कॅमेरा आला. उपासना मोबाइलवर लाइव्ह दिसायला लागली. पारोळ्याहून एक आबा दर महिन्याला प्रभुभोजनाच्या विधीसाठी, भाकर-द्राक्षरस घ्यायला, एसटीने येतात. वय ऐंशीच्या पुढे. वेदीसमोर कसेबसे गुडघे टेकले, तर टीममधली एक मुलगी वाकून त्यांच्या कानात म्हणाली, "आबा, थोडं साइडला टेका ना, फ्रेममध्ये येताय."

आबा बिचारे हात टेकत टेकत सरकले. मला इतका संताप आला की पुढच्या गीताचा सूरच चुकला. तो मात्र लाइव्ह गेला.

*

गीतांची पुस्तकं कपाटात गेली आणि भिंतीवर पडदा लागला. एका रविवारी कुणीतरी टाइप करताना "प्रभू, मला तार" याचं "प्रभू, मला मार" केलं. सगळ्यांचे डोळे पडद्यावर. शंभर माणसं भक्तिभावाने "मला मार, मला मार" गात होती!

एकट्या अक्का बरोबर गात होत्या. अक्का मूळच्या सातपुड्याच्या पायथ्याच्या, दवाखान्यात आया म्हणून सगळी नोकरी केली. लिहिता-वाचता येत नाही, गीतं सगळी पाठ.

नंतर समीर मला म्हणाला, "नाना, अक्कांना सांगा, शब्द चुकवतात."

*

उपदेशानंतर अक्कांची प्रार्थना, ही आमच्याकडची जुनी रीत. त्या उभ्या राहतात, डोळे मिटतात आणि आपल्या अहिराणीत देवाशी सरळ बोलतात. कुणाचं काय दुखतं, कुणाकडे काय अडलंय, सगळं नाव घेऊन. माझ्या ऑपरेशनच्या वेळी त्यांनी डॉक्टरचंही नाव घेतलं होतं. त्या प्रार्थनेवर मी तीन रात्री काढल्या आहेत, म्हणून मला तिची किंमत कळते.

तर एका रविवारी अक्का म्हणाल्या, "देवबाप, समीरना घरमा सासू-सूनना अबोला शे. तो मिटू दे. दोन्ही चांगल्या शेतस, समीरले मधमा बोलता येत नही."

लाइव्ह चालू होतं. समीरची सासुरवाडी अमळनेरची, आणि ते सगळे न चुकता बघतात.

पुढच्या रविवारपासून अक्कांची प्रार्थना बंद. कारण काय, तर वेळ पुरत नाही. गाणी पाचाची सात झाली, त्यांना वेळ पुरतो! आमच्या पास्टरना, पाळकसाहेबांना, विचारलं तर म्हणाले, "तरुणांना सांभाळून घ्यावं लागतं नाना." अक्का तीन रविवार उपदेश संपला की सवयीने उभ्या राहायच्या, कीबोर्ड सुरू व्हायचा आणि त्या खाली बसायच्या. माझ्याच्याने बघवेना. चौथ्या आठवड्यात मी कमिटीला सांगून टाकलं, अक्का बोलणार नसतील तर मी वाजवणार नाही.

*

मग तोडगा निघाला. शुक्रवारी संध्याकाळी समीर मला घेऊन अक्कांच्या घरी गेला. अक्का भाकरी थापत होत्या.

"अक्का, रविवारी तुमची प्रार्थना घेऊ या," तो अगदी प्रेमाने म्हणाला. "फक्त आधी या मोबाइलमध्ये बोलून दाखवा. मी ती ग्रुपवर टाकतो. ग्रुपने ओके केलं की रविवारी तेवढीच म्हणायची."

अक्कांनी तव्यावरची भाकरी उलटली, हाताचं पीठ झटकलं आणि मोबाइलकडे नीट निरखून पाहिलं.

"त्या ग्रुपमा देवबाप शे का रे?"

समीरने खरंच ग्रुप उघडून पाहिला.

"नाही अक्का. फक्त वर्शिप टीम आहे."