बोनेट न उघडता

डिझेलचा वास आला की मला पळस्प्याचं ते शोरूम आठवतं. आमची मासळीची पिकअप कर्नाळ्याच्या चढावर धापा टाकायची, बर्फ वितळायचा आणि पेणचे व्यापारी माल परत पाठवायचे. बाबांनी आठ दिवस फिल्टर बदलले, पाइप फुंकून साफ केले, इंजिनाला पाना टेकवून आवाज ऐकला. शेवटी मी त्यांना शोरूमला नेलं. मेकॅनिकने स्टेअरिंगखाली वायर जोडून लॅपटॉप उघडला. "दादा, जरा आवाज तरी ऐक," बाबा म्हणाले. "काका, आवाज कशाला? इथे सगळं दिसतं," तो म्हणाला आणि वीस मिनिटांत त्याने सॉफ्टवेअर अपडेट केलं. "बोनेट तं उघडलंच नाय त्यानं," बाबा मला हळूच म्हणाले. "आता असंच असतं," म्हणत मी इंग्रजी कागद वाचून सही केली. घरातली पहिली ग्रॅज्युएट मी. त्याचा अभिमान होता, आजही आहे. तिथूनच गाडी चढावर नेली, तर ती सरळ वर गेली. मला तेव्हा काही वाटलं नाही. त्यानंतर त्यांनी बोनेट उघडलेलं मी पाहिलं नाही. गाडीचा जरा वेगळा आवाज आला की ते मला फोन करतात, आणि इंजिनातलं ओ की ठो न कळणारी मी सांगते, शोरूमला न्या.