बारा मिनिटांचं चालणं

बाबा वीस वर्षं लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, सुताच्या धुळीत होता. चाळिशी ओलांडल्यावर त्याला खोकला लागला, मग धाप. दापोड्याहून भिवंडीला कामावर चालत जायचा, तो वाटेत तीन-तीन ठिकाणी बसायला लागला. मी नुकतीच शाळेत शिकवायला लागले होते. घरात वाचता येणारी मी एकटी, म्हणून दवाखान्यात त्याच्याबरोबर मीच गेले.

तिथे आठवड्यातून एकदा मुंबईहून एक तरुण डॉक्टर येत. त्यांनी बाबाला नळीत फुंकायला लावलं आणि छाती बरीच खराब झाल्याचं सांगितलं. मग म्हणाले, बाहेरच्या व्हरांड्यात बारा मिनिटं चालायचं. दम लागला की थांबायचं, पुन्हा निघायचं. फेऱ्या मी मोजायच्या, पण सोबत चालायचं नाही. माणूस शेजारच्याच्या चालीनं चालतो.

बाबानं मला बाजूला घेतलं. "किती चालू?"

"जमंल तेवढं."

"तसं न्हाय. लय चाललो तं म्हनतील, धडधाकट हाय, जा लूमवर. कमी चाललो तं शेठ म्हनंल, आता घरीच बस. मंग किती चालू?"

मी आत गेले. डॉक्टरांना विचारलं, तर तेही म्हणाले, जमेल तेवढं. आमची अडचण त्यांना कळलीच नसावी.

त्या दिवशी अकरा फेऱ्या झाल्या. बाबा दर वळणावर माझ्याकडे बघायचा, मी काही खूण करीन म्हणून. मी नुसती आकडे लिहीत होते.

पुढच्या आठवड्यात पुन्हा चालवलं. औषध काहीच दिलेलं नव्हतं, फुंकण्याचा आकडाही तोच, तरी फेऱ्या पंधरा. यातलं खरं कोणतं, मी विचारलं. डॉक्टर म्हणाले, पहिल्यांदा माणसाला अंदाज नसतो, म्हणूनच दोनदा चालवतो. मला पटलं. पण परतताना बाबा म्हणाला, पहिल्या खेपेला तो मुद्दाम हळू चालला होता. आणि त्याच संध्याकाळी आईला सांगत होता की पहिल्या खेपेलाच जीव तोडून चाललो, दुसऱ्यांदा मनात काही न आणता सहज चाललो.

डॉक्टरांच्या चिठ्ठीवर शेठनं त्याला धुळीतून काढून कापडाच्या घड्या घालायला बसवलं. धाप गेली नाही, पण घरी येताना तो वाटेत एकदाच बसायचा. पुढे सहा वर्षं जगला.

एक गोष्ट मी त्याला कधी सांगितली नाही. दुसऱ्या खेपेला व्हरांड्यात कामावरचा एक ओळखीचा भेटला, बाबा त्याच्याशी बोलत मध्येच उभा राहिला आणि माझी मोजणी चुकली. पंधरा असतील, चौदाही असतील. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी पंधरा सांगितल्या. जास्त सांगून त्याचं भलं होणार की वाईट, हे तेव्हाही मला माहीत नव्हतं.