हात दिसणारी बेल

माझी मुलगी स्वयंपाकघरात पाठमोरी उभी आहे आणि तिच्या मागे कुणीतरी अनोळखी माणूस येऊन उभा राहिला आहे, हे चित्र काही केल्या माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. बाकीच्या आयांना असली चित्रं नुसती दिसतात. आमच्याकडे ते घडून गेलेलं आहे.

टेगन जन्मापासून बहिरी आहे. 'ऐकण्यात थोडी अडचण' वगैरे मऊ शब्द लोक वापरतात, ते तिला खपत नाहीत. बहिरी म्हणा आणि मोकळे व्हा, असं तिचं म्हणणं. लॉन्सेस्टनच्या चढावरच्या एका गल्लीत माझ्या थोरल्या बहिणीचं लाकडी घर होतं. बहीण गेल्यावर ते माझ्या नावावर आलं, आणि तेव्हापासून टेगन तिथं एकटी राहते. खाली नदीकाठच्या बेकरीत ती शिंपल्यांच्या पाइज आणि लग्नाचे केक करते. मी समुद्रकाठच्या डेव्हनपोर्टला, गाडीनं तासाभरावर.

तिच्या लोकांची, म्हणजे बहिऱ्यांची, एक रीत आहे. दार वाजवून उपयोग नाही, म्हणून माणसं घरात असली की दाराला कुलूप नसतं. येणारा सरळ आत येतो, भिंतीवरचं बटण खालीवर करून दिवा मिचकावतो, आणि घरच्यांना कळतं की पाहुणा आला.

गेल्या हिवाळ्यात एका धुकट संध्याकाळी टेगन भांडी घासत होती आणि दिवा मिचकावला. तिला वाटलं, मर्व्ह असणार. मर्व्ह म्हणजे वरच्या गल्लीतला म्हातारा, तोही बहिरा, टेगन एवढीशी असल्यापासून तिच्याशी गप्पा मारणारा. टेगनच्या हाताला साबण होता. तिनं मागे न वळता एक हात खांद्यावरून उचलला आणि खूण केली, बस, चहा किटलीत आहे. मग सावकाश हात पुसून वळली तर टेबलावरची पर्स नाही, गाडीची किल्ली नाही आणि दार सताड उघडं. बाहेरच्या अंधाऱ्या बोळात चाचपडताना त्या माणसाचा हात स्वयंपाकघराच्या बटणावर पडला असणार. आमच्या मुलीनं चोराला चहा विचारला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. गाडी पुढे सापडली, माणूस नाही सापडला.

शुक्रवारी त्यांचं मंडळ भरतं, तिथं टेगननं हा किस्सा असा रंगवून सांगितला की म्हातारेकोतारे पोट धरून हसले. मला हसू आलं नाही. मी त्याच रविवारी तिच्याकडे गेले आणि सांगून टाकलं.

"घर विकायचं. तू माझ्याकडे ये."

"डेव्हनपोर्टला मी बोलू कुणाशी? समुद्रपक्ष्यांशी?"

"माझ्याशी."

"तुझ्याशी बोलता बोलता सूप गार होतं, आई. तुझे हात फार सावकाश."

आम्ही चिडलो की आवाज चढत नाही, हात मोठे होतात. त्या दिवशी तिच्या हातांनी टेबलावरचं दुधाचं भांडं उडवलं. शेवटी एवढंच ठरलं की उन्हाळा संपेपर्यंत मी थांबायचं. तोवर घर सुरक्षित आहे असं तिनं दाखवून दिलं तर ठीक, नाहीतर घर विकायचं. मी माझ्या बाजूनं घरांच्या एजंटशी बोलूनही ठेवलं.

माझा धाकटा मुलगा ब्रेट विजेची कामं करतो. तो दुसऱ्याच आठवड्यात कॅमेऱ्याची बेल घेऊन हजर झाला. दाराच्या चौकटीला, माणसाच्या तोंडाच्या उंचीवर, त्यानं ती इतकी नेटकी बसवली की एक वायर दिसत नव्हती. मर्व्हला बाहेर उभं केलं आणि बटण दाबायला सांगितलं.

"काय गोड वाजते, ऐकलं..." ब्रेट म्हणाला आणि त्यानं जीभ चावली.

टेगन फोनकडे बघत होती. तिनं तो माझ्यासमोर धरला. पडद्यावर एक भलीमोठी पांढरी मिशी होती, वर दोन नाकपुड्या. अधूनमधून खालच्या कडेला एखाद्या बोटाचं टोक यायचं आणि जायचं. थोड्या वेळानं मर्व्ह स्वतःच आत आला.

"मग? पटलं का मी म्हणालो ते?"

"काय म्हणालास?"

"शनिवारच्या फुटबॉलचा अख्खा सामना सांगितला की, पोरी. घामाघूम झालो."

त्यांच्या भाषेत अहोजाहो नसतं. ऐंशीच्या घरातला मर्व्ह असो की शेजारचं शेंबडं पोर, सगळे अरेतुरे.

टेगननं ब्रेटला हाक मारायला पाय आपटला. जमीन हादरली की आमच्या घरात कुणीही वळून बघतं.

"यात तोंड दिसतं."

"तोंडच दिसायला हवं ना. कॅमेरा आहे तो."

"तोंड घेऊन मी काय करू? आम्ही तोंडानं बोलतो?"

ब्रेटनं डोकं खाजवलं. बेल उत्तम होती, कानवाल्यांसाठी. टेगननं त्याच्याच पेटीतला स्क्रूड्रायव्हर उचलला आणि त्याच्यासमोर ती उतरवायला घेतली.

शनिवारी आम्ही दोघी घरदुरुस्तीच्या मोठ्या दुकानात गेलो. फाटकाशी शाळेची माणसं वर्गणीसाठी सॉसेज भाजत होती. पावात सॉसेज आणि कांदा घालून खात खातच टेगन आत शिरली. बेलच्या खोक्यांची भिंतच होती तिथं. दुकानातला माणूस सवयीप्रमाणे माझ्याशीच बोलायला लागला.

"ही घ्या मॅडम. आवाज इतका स्पष्ट, समोरचा माणूस घरात बसलाय असं वाटेल."

मी टेगनला सांगितलं. तिनं सॉसेज दातात धरलं, कारण हात मोकळे हवेत, आणि विचारलं, "त्याला म्हणावं, हात दिसतात का?"

"हात?" तो म्हणाला. "चेहरा अगदी स्वच्छ दिसतो, तीळसुद्धा."

"तीळ राहू दे. हात. कोपरापासून. आणि अंधारात दिसतात का? आणि भरभर हलले तर फराटे उठतात का?"

असले प्रश्न त्याला कुणी विचारले नसावेत. पण माणूस बरा होता. त्यानं एकेक खोकं उघडून त्यातली बेल स्वतःच्या फोनला जोडली आणि टेगन समोर उभी राहून हात हलवायला लागली. आडव्या चित्राच्या तिनं पटापट बाजूला सारल्या. एकीत हात दिसायचे पण चित्र अडखळत यायचं. "हिच्यात मी मर्व्हपेक्षा म्हातारी दिसते," टेगन म्हणाली. शेवटी एक उभ्या चित्राची मिळाली, डोक्यापासून पायापर्यंत माणूस दाखवणारी, बॅटरीवर चालणारी, घरातल्या दिव्यांना जोडता येणारी. तोवर आमच्याभोवती पाच-सहा गिऱ्हाइकं गोळा झाली होती, आणि त्यातल्या एका बाईनं तीच बेल उचलली. ही मुलगी एवढं पारखून घेतेय म्हणजे चांगलीच असणार, असं ती नवऱ्याला म्हणाली.

बसवायला टेगननं ब्रेटला हात लावू दिला नाही. बेल तिनं दाराशी बसवलीच नाही. व्हरांड्याच्या बाजूच्या भिंतीवर, छातीच्या उंचीवर बसवली.

"बेल दारापाशी असते गं," ब्रेट म्हणाला.

"तुमची."

समोरच्या भिंतीवर माझ्या बहिणीनं चढवलेला फुलांचा वेल होता. तो तिनं सोडवून पलीकडे नेला आणि भिंत गडद निळी रंगवली, म्हणजे हात उठून दिसतात. वर दिवा लावला. मग मर्व्हला बोलावून घेतलं, मागे सरक, अजून सरक, थांब, असं करत त्याला एका जागी उभं केलं आणि त्याच्या बुटांभोवती खडूनं रेघ ओढली. तिथं तिनं पिवळ्या रंगानं दोन पावलं काढली. बटण दाबायचं, पावलांवर जाऊन उभं राहायचं आणि बोलायचं.

बेल दाबली की आतले सगळे दिवे मिचकावतात आणि टेगनचा फोन थरथरतो, मग ती न्हाणीघरात असो की बेकरीत. आता बाहेरच्याला ती दिसत नाही, मग उत्तर कसं द्यायचं? त्यासाठी तिनं व्हरांड्यातला दिवाही फोनला जोडला. दोनदा मिचकावला तर "कळलं, येते". तीनदा मिचकावला तर "आत्ता नाही".

दाराला कुलूप लागलं. यावर मंडळात बरीच बोलाचाली झाली.

"बँक झालीस का तू?" मर्व्हनं विचारलं. त्याची बायको डोरीन, तीही बहिरी, तिनं वर भर घातली, "पावलांवर उभं राहायचं म्हणे. शाळेत कोपऱ्यात उभं करायचे तसं."

पण आठवड्याभरात तीच माणसं मुद्दाम येऊन पावलांवर उभी राहायला लागली. टेगन कामावर आहे हे माहीत असूनही मर्व्ह यायचा, बटण दाबायचा आणि आज डोरीननं पुडिंग कसं करपवलं ते सांगून जायचा.

बेलचं चित्र टेगननं माझ्याही फोनवर लावून दिलं, माझ्या समाधानासाठी. त्यात मला पहिल्यांदा कळलं की ही माणसं निरोप किती वेळ घेतात. आत गप्पा झालेल्या असतात, कोट चढवलेले असतात, आणि मग व्हरांड्यात उभं राहून खऱ्या गप्पा सुरू होतात. एकजण पायरी उतरतो, काहीतरी आठवतं, परत चढतो. माझा फोन थरथरून थरथरून टेबलावरून खाली पडायचा. चोरानं तिथं यायचं ठरवलं असतं तरी त्याला उभं राहायला जागा मिळाली नसती.

तरी मी एजंटला नाही म्हटलं नव्हतं. उन्हाळा सरत आला तसा त्याचा फोन आला. सोमवारी येऊन फोटो काढतो, पाटी ठोकतो म्हणाला. मी बरं म्हणाले. टेगनच्या कानावर घातलं, म्हणजे हातांनी सांगितलं, तर ती एवढंच म्हणाली, "सोमवार अजून लांब आहे."

मग परवाची दुपार. मी मुरंब्यासाठी जर्दाळू चिरत होते. फोन थरथरला. पावलांवर मर्व्ह उभा होता, डोक्यावर टोपी नाही, एकाच पायात सपात. त्याचे हात असे चालले होते की मला एक अक्षर लागेना. त्याच्या शाळेतल्या जुन्या खुणा मला अशाही अवघड जातात. 'घर' कळलं, 'डोरीन' कळलं. लिहिणं त्याला फारसं येत नाही, त्यामुळे फोनवर निरोप पाठवणं त्याच्या हातचं नव्हतं. नंतर कळलं की तो आधी शेजारी गेला होता. एका घरी कुणी नव्हतं. दुसऱ्या घरच्या नव्या भाडेकरणीनं, म्हातारा प्यायलेला दिसतो म्हणून, दार लावून घेतलं.

मी टेगनला निरोप लिहायला घेतला, पण माझी ओली बोटं अक्षरांवर ठरेनात. तेवढ्यात पडद्यावर व्हरांड्यातला दिवा दोनदा मिचकावला. थांबला आणि पुन्हा दोनदा. पुन्हा दोनदा.

मर्व्हनं वर बघितलं. त्यानं दोन्ही हातांनी चेहरा झाकला, क्षणभरच, आणि मग त्या एका सपातेत तो चढाच्या दिशेनं निघाला.

बेकरीत टेगननं पिठाच्या हातानंच फोन उचलला होता आणि एका नजरेत सगळं वाचलं होतं. डोरीन न्हाणीघरात पडली आहे, पाय वेडावाकडा झालाय, उठवत नाही, शुद्धीवर आहे. टेगननं मालकिणीच्या टेबलावर सांडलेल्या पिठातच मोठ्या अक्षरांत पत्ता लिहिला आणि खाली "अँब्युलन्स". मालकिणीनं फोन लावला. टेगन ॲप्रनसकट गाडीत बसली आणि अँब्युलन्सच्या आधी पोहोचली.

खुब्याचं हाड मोडलं होतं. हॉस्पिटलात दुभाषी येईपर्यंत डॉक्टर लिहीत होते, टेगन त्याच्या खुणा करून डोरीनला सांगत होती आणि डोरीनचं म्हणणं लिहून डॉक्टरांना दाखवत होती. काल ऑपरेशन झालं. आज मी बघायला गेले तर डोरीन उशीला टेकून बसली होती आणि नर्सला चहा कसा करायचा ते खुणांनी शिकवत होती. नर्सही शिकत होती.

मर्व्ह मला बघून उठला. माझे हात सावकाश, म्हणून तोही सावकाश बोलला, म्हणजे मला नीट कळावं.

"मला माहीत होतं ती घरी नाही. पण मला माहीत होतं ती बघेल."

ब्रेट कोपऱ्यात उभा होता. त्यानं टेगनला विचारलं, "माझ्या बेलमध्ये काय दिसलं असतं गं?"

"रडणारी मिशी," टेगन म्हणाली. डोरीन हसली, मग तिचा पाय दुखला, मग तिनं हसवल्याबद्दल टेगनला झापलं.

संध्याकाळी मंडळाची अर्धी माणसं हॉस्पिटलच्या दारात जमली होती. प्रत्येकाला तसलीच बेल हवी आहे. कुणाचा व्हरांडा अरुंद, कुणाकडे जिना, कुणाच्या भिंतीवर नक्षीचा कागद. टेगन सगळ्यांचं बघून घेत होती आणि मध्येच ब्रेटकडे वळून, तू वायरी ओढायच्या, भोकं मी सांगेन तिथं पाडायची, असं ठरवून टाकत होती. ब्रेट मान डोलवत होता. पहिली बेल शनिवारी मर्व्हकडे. रंगाचा डबा धरायला टेगननं मला बोलावलं आहे. घराचा विषय तिनं काढला नाही. काढायची तिला गरजही वाटली नसावी.

बेल चोराला अडवत नाही, हे मला कळतं. माझी काळजीही एका बेलनं जाणार नाही. पण तिला डेव्हनपोर्टला आणून मी काय करणार होते? इथं पावलांवर येऊन उभं राहणारं कुणी नाही, आणि ती इथं आली असती तर त्या दुपारी मर्व्हही कुठं जाऊन उभा राहिला असता, देव जाणे.

उजाडलं, एजंटनं ऑफिस उघडलं, की मी त्याला फोन करणार आहे. कॅमेरा आणू नका, पाटीही आणू नका. घर विकायचं नाही.