दुसरा जेट नव्हता

मनोज पराते गेला. ज्या रिसर्च पेपरवर मला नोकरी लागली तो चुकीचा आहे हे माहीत असलेली दोनच माणसं होती. आता मी एकटी उरले.

परवा सकाळी हार्ट अटॅक आला. बेचाळीस वर्षांचा होता. कामठीच्या एका ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवायचा.

आम्ही नागपुरात एकाच सरांकडे पीएचडी करत होतो. एक खोली, एक कूलर. कूलरसमोरची खुर्ची जो आधी येईल त्याची, असा नियम.

मनोज कामठीहून शेअर ऑटोने यायचा, तरी रोज माझ्या आधी. मी आले की उठून कोपऱ्यात जायचा. मी खुशाल बसायचे. थँक्यू म्हटल्याचं आठवत नाही.

विषय होता आकाशगंगांचे जेट.

काही आकाशगंगांच्या मधोमध असलेल्या कृष्णविवराजवळून विरुद्ध दिशांना दोन झोत निघतात. आपल्याकडे येणारा ठळक दिसतो. पलीकडे जाणारा इतका फिका की बहुतेकदा दिसतच नाही.

मला तो दिसला. म्हणजे मी तसं लिहिलं.

रेडिओ दुर्बिणीचं चित्र एका क्लिकमध्ये निघत नाही. अनेक अँटेनांचे सिग्नल जुळवून ते कॉम्प्युटरवर तयार करावं लागतं. जुळवताना आधी आपणच एक अंदाजाचं चित्र द्यावं लागतं. त्यात मी दोन्ही बाजूंना जेट काढून दिला.

दुसरा असणारच, असं मी गृहीत धरलं होतं. कॉम्प्युटरने तो काढून दाखवला. सर इतके खूश झाले की सगळ्या डिपार्टमेंटला तर्री पोहे.

पेपरवर नावं तीन. मी, मनोज, सर.

मनोजचं एक रजिस्टर असायचं. केलेल्या प्रत्येक स्टेपसमोर एक रकाना, आणि रकान्याचं नाव ‘काहून’, म्हणजे ‘का’. ही फाइल घेतली, काहून? हा आकडा टाकला, काहून? आम्ही त्याची भरपूर खेचायचो.

पेपर पाठवायच्या आठवड्यात त्याने माझ्या डेटावरची प्रत्येक स्टेप या रजिस्टरात लिहीत परत करून पाहिली. मला न विचारता.

“स्मिता, हे पाह्य जरा.”

स्क्रीनवर माझीच आकाशगंगा. पण तिच्यातून एक जेट सरळ उत्तरेला निघालेला.

“हा कुठून आला?”

“मी टाकला. अंदाजाच्या चित्रात उत्तरेले एक खोटा जेट काढून देल्ला. कॉम्प्युटरनं तोच वापस देल्ला. अन् तुया दुसरा जेट काढून टाकला, तं तो येतच नाई.”

मी माझं चित्र उघडून त्याच्या चित्राशेजारी लावलं.

“आकाशातून नाई येऊन राहिला वं तो. आपणच देऊन राहिलो.”

“तू स्वतःचं काम सोडून माझ्या चुका कशाला शोधतोस?” मी जवळजवळ ओरडलेच.

“पेपरवर मायं नाव आहे ना.”

तीन आठवड्यांनी माझा एका कॉलेजात इंटरव्ह्यू होता. हातात पेपर असणं गरजेचं होतं. मी म्हटलं, इंटरव्ह्यू होऊ दे, मग बघू. सरांना यातलं काही बोलायचं नाही.

त्याने रजिस्टर मिटलं. म्हणाला, “तुया पेपर आहे. तूच सांग. मी नाई सांगत.”

दुसऱ्या दिवशी त्याने सरांना सांगितलं, या पेपरात मायं काम फार नाई, नाव काढा. सरांना तो विनय वाटला. त्यांनी मला मनोजसारखं वागायला शिक म्हणून सुनावलं.

थीसिस जमा करायला तेव्हा दोन पेपर लागायचे. त्याचा एक झाला होता. हा दुसरा ठरला असता.

मुदत संपली, त्याचं रजिस्ट्रेशन गेलं. मला नोकरी लागली. मी मूग गिळून बसले, अकरा वर्षं.

मधे एकदा बर्डीच्या बाजारात दिसला, मुलीसाठी कंपासपेटी घेत होता. मी विचारलं, “मनोज, कोणाला बोलला नाहीस ना?”

“नाई,” तो म्हणाला. “तू बोलली?”

मी विषय बदलला. त्यानेही बदलू दिला.

काल कामठीला त्याच्या घरी जाऊन आले. वहिनी त्यांच्या भाचीसोबत बाहेरच्या खोलीत बसल्या होत्या. मला ओळखलं, पाणी दिलं. रडून रडून आवाज बसलेला.

“ताई, तुम्ही संगं होत्या ना यायच्या? मंग तुमाले माहीत असन. यायची पीएचडी काहून राहिली? आमचे मामाजी, यायचे बाबा, मरेपर्यंत आळशी म्हणत गेले. हे नुसते हसत. मले बी कधी सांगितलं नाई.”

मी म्हटलं, “माहीत नाही.”

त्यांनी मान हलवली. मी चप्पल घालून निघाले.  स्वतःची एवढी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती.

आज दुपारी जर्नलला मेल केली, पेपर मागे घ्या म्हणून. चूक कोणती, ती कोणी दाखवली आणि कधी, सगळं लिहिलं. सरांना फोन केला. त्यांनी सगळं ऐकलं आणि फोन ठेवून दिला. प्रिन्सिपलना पत्र दिलंय. नोकरीचं काय व्हायचं ते होईल.

माझे विद्यार्थी ही पोस्ट वाचतील. तो पेपर कुठेही वापरू नका. त्या आकाशगंगेला दुसरा जेट असेलही. मला तो दिसला नव्हता.

मनोज, श्रद्धांजली. हे तू असताना लिहायला हवं होतं.

वहिनी, तुमची भाची ही पोस्ट तुम्हाला वाचून दाखवेल. काल मी खोटं बोलले. त्यांची पीएचडी माझ्यामुळे राहिली.