सर्ज्याच्या गव्हाणीवरचा ट्रॅक्टर

रेवणप्पाच्या शेजारी राहायचं म्हणजे वरचेवर तोंडाचा आ करून उभं राहायचं. कुंभारीत आमच्या दोघांच्या गोठ्यांना एकच भिंत. बाहत्तरच्या दुष्काळात त्याचा सर्ज्या बैल छावणीत मेला, जोडीचा दुसरा त्यानं पाहुण्यांना देऊन टाकला, इथवर मला समजत होतं. पण मग हा गडी जेऊरकडं गेला आणि तिथल्या एका मळ्यात गंजत पडलेला ट्रॅक्टर ट्रकात घालून घेऊन आला, तेव्हा माझी मतीच गुंग झाली. सीटमधून बाभळ उगवलेली, इंजिन जाम. आणि हे धूड त्यानं कुठं उभं करावं? सर्ज्याच्या जागेवर, तोंड गव्हाणीकडं करून!

त्याची आई गंगम्मा, आम्हा सगळ्यांची अव्वा, दारातूनच माघारी फिरली. "माझ्या बैलाच्या जागंवर मढं आनून ठिवलंस," एवढंच म्हणाली. त्या दिवसापासून तिनं गोठ्यात पाय टाकला नाही. सर्ज्याला तिनं वासरापासून वाढवलेलं, त्यामुळं तिचंही बरोबरच होतं म्हणा.

रेवणप्पाला यंत्रातलं ओ की ठो कळत नव्हतं. उघडायचा, बिघडवायचा, पुन्हा उघडायचा. सोलापूरच्या भंगारवाल्यांकडून बेरिंगा, वायसर खिसे भरभरून आणायचा आणि त्यातले निम्मे बसायचेच नाहीत. अडकलेला पिस्टन सुटावा म्हणून अख्खा एक उन्हाळा तो त्यात रॉकेल ओतत बसला होता.

एकदा मी चिडून म्हणालो, "आरं, एवढ्यात दोन बैलजोड्या वाढिवल्या आस्त्यास की!"

तर म्हणतो, "बैल आनला तर अव्वा त्येला बी जीव लावंल, आनि त्यो बी मरंल. ह्यो मरत न्हाय आण्णा. अव्वा एकदा गोठ्यात आली, ह्याच्यावर हात ठिवला, की माझं झालं."

मी पाना पुढं केला.

अठ्ठ्याहत्तर सालच्या कारहुणवीला इंजिन चालू करणार, असं त्यानं गावभर सांगून टाकलं. आमच्याकडं बैलांचा सण हाच. बैल रंगवायचे, मिरवायचे, आणि बांबूच्या नळ्यानं त्यांच्या घशात करडीचं तेल, हळद आणि अंडी ओतायची. गंगम्माचं घर लिंगायत, तिच्या चुलीजवळ अंड्याचं नाव काढायची सोय नव्हती. पण बैलाला ते औषध म्हणून चालायचं.

सणाच्या सकाळी रेवणप्पा मला बोलवायला आला. आम्ही दोघं गोठ्यात शिरलो आणि जागीच थिजलो. गव्हाणीच्या कट्ट्यावर गंगम्मा उभी! हातात नळा, नळ्याचं टोक ट्रॅक्टरच्या टाकीत. खाली अंड्यांची टरफलं पडलेली, बॉनेटवर पिवळे ओघळ.

"अव्वा, काय केलंस गं ह्ये!" मी ओरडलोच.

"काय केलं म्हंजी? सनाच्या दिशी गोठ्यातलं जनावर उपाशी ठिवायचं व्हय?"

माझं डोकं सणकलं. सहा वर्षं हाडाची काडं केली आणि टाकीत अंडी! मी आणखी बोलणार, तोच रेवणप्पानं माझं मनगट असं आवळलं की कळ आली. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. पण तो टाकीकडं बघतच नव्हता. तो आईच्या पायांकडं बघत होता.

"पोटभर पाजलंस न्हवं अव्वा?" त्यानं विचारलं. "मग झालं तर."

बाहेर गाव जमलेलं. "मार की हँडल!" म्हणून ओरडा चाललेला. रेवणप्पा दारात येऊन म्हणाला, "आज कारहुणवी हाय. सनाला बैल जुंपत न्हाईत."

लोक पोट धरधरून हसले. येडा झालाय म्हणाले, तेही त्याच्या तोंडावर. म्हातारीनं घोळ घातला, एवढं सांगितलं असतं तर सुटला असता. सांगितलं नाही. मला इतका संताप आला होता की त्या दिवशी सणाचं जेवणही गोड लागलं नाही.

पुढचे काही दिवस आम्ही टाकी सोडवून, नळ्या सोडवून रॉकेलनं धूत बसलो. वास काही जाता जाईना. शेवटी एका दुपारी रेवणप्पानं हँडल मारलं. खांदे भरून येईपर्यंत मारत राहिला. मी आशा सोडून बिडी शोधायला लागलो आणि इंजिन एकदम धडधडलं. असा दचकलो की मागच्या भिंतीवर आदळलो.

आवाजानं गंगम्मा आतून धावत आली. सरळ गोठ्यात शिरली आणि तिनं बॉनेटवर तळहात टेकला. बॉनेट थरथरत होतं, त्याबरोबर तिचा हातही. डोळे भरून आले होते. रेवणप्पा हँडल हातात तसंच धरून तिच्याकडं बघत राहिला. त्याला वाटलं असेल, आता अव्वा पाठीवरून हात फिरवणार. मलाही तसंच वाटलं.

ती त्याच्या अंगावर खेकसली. "बग! खायाला घातल्यावर उटला की न्हाय? सा वर्सं उपाशी ठिवलास रं त्येला!"

मी तोंड उघडलं. आता मात्र सगळं सांगून टाकणार होतो. पण रेवणप्पा माझ्या आधी बोलला.

"व्हय अव्वा," तो म्हणाला. "माझंच चुकलं."